मालकी कोणाची आणि झळ कोणाला?

भांडवलशाही श्रेष्ठ कीं समाजसत्तावाद श्रेष्ठ, हा वाद जगांत दीडशें वर्षांहून अधिक काळ चालला आहे. वर्तमानपत्रांत, व्याख्यानमालांत, महाविद्यालयांच्या वक्तृत्वस्पर्धांत तो रंगतो, आणि बहुधा जेथें सुरू होतो तेथेंच संपतो. एक पक्ष रशियाकडे बोट दाखवून म्हणतो, “सरकारनें सर्व कांहीं आपल्या हातीं घेतलें कीं काय होतें तें पाहा.” दुसरा पक्ष धनिकाच्या उंच इमारतीकडे आणि तिच्या कुंपणालगतच्या झोपडीकडे बोट दाखवून म्हणतो, “आणि न घेतलें तर काय होतें तेंहि पाहा.” दोन्ही बोटें खऱ्या वस्तूंकडेच रोखलेलीं असतात. म्हणूनच हा वाद मिटत नाहीं.

प्रथम दोन्ही पक्षांचें म्हणणें त्यांच्याच बाजूनें समजून घेणें उचित होईल. भांडवलशाहीच्या कैवाऱ्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा नफ्याचा नाहीं, तो किंमतीचा आहे. एखाद्या वर्षीं पाऊस लांबला आणि कांदा कमी पिकला, तर कोणीहि हुकूम न सोडतां भाव चढतो. त्या एका आंकड्यानें गृहिणीस कळतें कीं कांदा जपून वापरावा, शेतकऱ्यास कळतें कीं पुढील हंगामांत तो अधिक लावावा, आणि व्यापाऱ्यास कळतें कीं तो कोठून कोठें न्यावा. लाखों माणसांना ठाऊक असलेल्या बारीकसारीक गोष्टी एका आंकड्यांत गोळा होतात. हें काम कचेरींत बसलेला अधिकारी कितीहि हुशार असला तरी करूं शकणार नाहीं, असें १९२० सालीं लुडविग फॉन मिझेस यांनीं आणि १९४५ सालीं फ्रीडरिख हायेक यांनीं मांडलें. ऑस्कर लांगे या पोलंडच्या समाजसत्तावादी अर्थशास्त्रज्ञानें त्यास उत्तर दिलें कीं, नियोजन मंडळासहि माल उरतो कीं तुटतो हें पाहून किंमती वरखालीं करतां येतील. या वादास आज शंभर वर्षें होऊन गेलीं. परंतु सोव्हिएत दुकानांपुढील रांगांनीं पहिल्या पक्षाच्या बाजूनें बरीच साक्ष दिली, हें नाकारतां येत नाहीं.

समाजसत्तावाद्यांचा सर्वांत भक्कम मुद्दाहि मत्सराचा नाहीं, तो सत्तेचा आहे. मालक आणि मजूर यांच्यांतील करार कागदावर राजीखुशीचा असतो. परंतु एकाच्या घरीं वर्षाची बेगमी असते आणि दुसऱ्याच्या घरीं उद्यांचें पीठ नसतें. अशा दोघांनीं केलेला सौदा समान माणसांचा सौदा नव्हे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं १९४७ सालीं ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या आपल्या निवेदनांत हाच विचार मांडला होता. सरकारनें नागरिकाच्या आयुष्यांत हात घालूं नये, या स्वातंत्र्याचा अर्थ पोटासाठीं राबणाऱ्याच्या बाबतींत मालकाची सत्ता असाच होतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. म्हणून मूलभूत उद्योग, विमा आणि शेतीहि राज्याच्या मालकीची असावी आणि ही व्यवस्था घटनेंतच नमूद व्हावी, अशी त्यांची सूचना होती. ती जशीच्या तशी स्वीकारली गेली नाहीं. परंतु संपत्तीचें केंद्रीकरण होऊं नये हें तत्त्व घटनेच्या ३९ व्या अनुच्छेदांत मार्गदर्शक म्हणून आलें.

या दोन्ही पक्षांनीं एक गोष्ट मात्र न बोलतां गृहीत धरलेली दिसते. ती म्हणजे, मालकी कोणाची हें ठरलें कीं बाकीचें सर्व आपोआप ठरतें. हें गृहीत कितपत खरें आहे? तें पडताळण्यासाठीं मॉस्को किंवा न्यूयॉर्क येथें जाण्याचें कारण नाहीं. महाराष्ट्रानें खासगी मालकी, सरकारी मालकी आणि सहकारी मालकी हे तिन्ही प्रयोग मोठ्या प्रमाणावर केलेले आहेत. त्यांपैकीं पहिले दोन तर एकाच शहरांत आणि पुष्कळदां एकाच गिरणींत झाले.

पहिला प्रयोग मुंबईच्या कापडगिरण्यांचा. १८५४ सालीं कावसजी नानाभाई दावर यांनीं ताडदेव येथें पहिल्या गिरणीची स्थापना केली आणि १८५६ सालीं तिच्यांतून सूत निघूं लागलें. पुढें अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत कापसाच्या व्यापारांत मिळालेला पैसा हातीं असलेल्या व्यापाऱ्यांनीं एकामागून एक गिरण्या काढल्या. परक्या सरकारची सहानुभूति नसतां आणि लँकेशायरची चढाओढ समोर असतां हा उद्योग उभा राहिला, याचें श्रेय खासगी उद्यमशीलतेस दिलेंच पाहिजे. कोंकण आणि घाट येथील हजारों कुटुंबांच्या चुली त्याच धुरावर पेटल्या.

परंतु त्या व्यवस्थेंत नफातोट्याची वाटणी कशी होती, हें पाहण्याजोगें आहे. गिरणीचे भागीदार अनेक असत. कारभार मात्र मॅनेजिंग एजंट पाही. आरंभींच्या काळांत या एजंटाचें कमिशन नफ्यावर नसून उत्पादनावर असे. पौंडभर सुतामागें पाव आणा हा दर प्रसिद्ध होता. म्हणजे गिरणीस तोटा झाला तरी एजंटास प्राप्ति होतच राही, आणि माल जितका अधिक निघे तितकी ती वाढे. शाळेच्या पुस्तकांत सांगतात कीं, भांडवलदारास नफा मिळतो तो त्यानें पत्करलेल्या धोक्याबद्दल. येथें निर्णय घेणाऱ्यानें धोका फारसा पत्करलेलाच नव्हता. तो लहान भागीदारानें आणि मजुरानें पत्करला होता. ही एजन्सीची पद्धत कायद्यानें पूर्णपणें संपली ती १९७० सालीं.

मजुराची स्थिति काय होती? सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम, आणि पुढें विजेचे दिवे आल्यावर सूर्यास्तानंतरहि काम. आठवड्याची सुटी मिळावी एवढ्या साध्या मागणीसाठीं नारायण मेघाजी लोखंडे यांना १८८४ पासून सभा भरवाव्या लागल्या, अर्ज करावे लागले. ती सुटी १८९० सालीं मिळाली. कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुषांचा दिवस १२ तासांवर कायद्यानें आला तो १९११ च्या फॅक्टरी कायद्यानें. १९२२ सालीं तो ११ तासांचा झाला, १९३४ सालीं १० तासांचा आणि स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या कायद्यानें ९ तासांचा. शहरांतील सुशिक्षित कुटुंबें जो रविवार आज इतका स्वाभाविक मानतात, तो बाजारभावानें आलेला नाहीं. तो मागून मिळवावा लागला. तसेंच तो गिरण्या सरकारजमा करूनहि आलेला नाहीं. मालकी होती तशीच राहिली. बदलली ती सौद्याची ताकद. ही गोष्ट पुढील विवेचनासाठीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

१९२८ सालीं सुमारें दीड लाख गिरणीकामगारांनीं जवळजवळ सहा महिने संप केला. थोड्या माणसांनीं अधिक यंत्रें चालवावीं, या मालकांच्या योजनेविरुद्ध तो होता. येथेंहि प्रश्न यंत्राचा नव्हता. यंत्रानें जें अधिक उत्पन्न होईल त्यांतील वाटा कोणास मिळणार आणि जीं माणसें कमी होतील त्यांचें काय, हा प्रश्न होता. त्याच्या उत्तरासाठीं कामगारास बैठकींत जागा नव्हती. म्हणून त्यास ती रस्त्यावर शोधावी लागली.

दुसरा प्रयोग सरकारी मालकीचा. स्वातंत्र्योत्तर भारतांत नियोजनाची भूक केवळ समाजसत्तावाद्यांनाच होती असें नाहीं. १९४४ सालीं जे. आर. डी. टाटा, घनश्यामदास बिर्ला, पुरुषोत्तमदास ठाकुरदास आदि उद्योगपतींनीं जी ‘बाँबे प्लॅन’ नांवाची योजना प्रसिद्ध केली, तींत १५ वर्षांत १०,००० कोटि रुपये गुंतवण्याचा आणि अर्थव्यवस्थेंत सरकारनें मोठा भाग घेण्याचा पुरस्कार होता. १९५५ सालीं आवडी येथें काँग्रेसनें समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव केला. १९६९ सालीं १४ मोठ्या बँकांचें राष्ट्रीयीकरण झालें. आणि १९७४ सालीं देशांतील १०३ आजारी कापडगिरण्या कायद्यानें राष्ट्राच्या मालकीच्या होऊन राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे आल्या.

येथें ‘आजारी’ हा शब्द महत्त्वाचा. ज्या गिरण्या नफा देत होत्या त्या मालकांकडे राहिल्या. ज्यांची यंत्रें झिजलीं होतीं, ज्यांचा पैसा दुसऱ्या धंद्यांत गेला होता, त्या सरकारकडे आल्या. म्हणजे ज्यास राष्ट्रीयीकरण म्हटलें गेलें तें पुष्कळ अंशीं तोट्याचें राष्ट्रीयीकरण होतें. कामगाराची नोकरी टिकली, हा त्यांतील खरा लाभ. त्याचा पगार महिन्याअखेर येत राहिला, आणि गिरणगांवांतील एका खोलीच्या संसारास या गोष्टीचें मोल किती होतें हें सांगण्याची गरज नाहीं. परंतु नवीं यंत्रें घेण्याचा निर्णय दिल्लीस व्हावयाचा. गरिबांसाठीं ठराविक दराचें नियंत्रित कापड काढण्याचा बोजा गिरणीवर पडावयाचा, आणि तोटा सरकारी तिजोरीनें म्हणजे सर्व करदात्यांनीं भरावयाचा. मालक बदलला, परंतु साच्यावर उभ्या असलेल्या माणसास पूर्वी शेठजींच्या पेढीवर जितकें विचारलें जाई, तितकेंच आतां मंत्रालयांत विचारलें जाऊं लागलें.

दरम्यान १८ जानेवारी १९८२ रोजीं दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं मुंबईच्या सुमारें अडीच लाख गिरणीकामगारांनीं संप पुकारला. पगारवाढ आणि बदली कामगारांस कायम करणें या मागण्यांइतकीच आणखी एक मागणी होती. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार एका उद्योगांत एकाच संघटनेस बोलण्याचा अधिकार होता. ती संघटना कामगारांस आपली वाटत नव्हती, आणि आपल्या वतीनें कोणीं बोलावें हें आपण ठरवूं, असें ते म्हणत होते. हा संप रीतसर कधींच मागें घेण्यांत आला नाहीं. तो विरून गेला. तोपर्यंत अनेक मालकांनीं आपला माल भिवंडी, मालेगांव, इचलकरंजी येथील यंत्रमागांवर विणून घेण्यास सुरुवात केली होती. तेथें संघटना नव्हती आणि मजुरीहि कमी होती. संपानंतर लाखाच्या घरांत माणसें कामावर परत गेलींच नाहींत. १९८३ सालीं सरकारनें मुंबईतील आणखी १३ गिरण्यांचा कारभार आपल्याकडे घेतला.

या दोन्ही प्रयोगांचा शेवट एकाच ठिकाणीं झाला, तो जमिनीच्या बाजारांत. मुंबईंत गिरण्यांखालीं सुमारें ६०० एकर जमीन होती. ती त्या काळीं मिळाली तेव्हां शहराच्या कडेस होती. शहर वाढलें आणि ती मध्यभागीं आली. तिची किंमत कापडानें वाढलेली नव्हती, शहरानें वाढवलेली होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांतील ५८ व्या नियमानें ठरविलें कीं, गिरणीची जमीन विकसित झाल्यास ढोबळ मानानें एक भाग मोकळ्या जागेस, एक भाग परवडणाऱ्या घरांस आणि एक भाग मालकास मिळावा. २००१ सालीं त्यांत दुरुस्ती झाली आणि ही वांटणी केवळ आधींच रिकाम्या असलेल्या जमिनीपुरती उरली. बांधकामाखालील जमीन तींतून वगळली गेली. मार्च २००६ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें ही दुरुस्ती वैध ठरविली. खासगी मालकांनीं जसे मॉल आणि मनोरे उभारले, तसेंच सरकारी महामंडळानेंहि २००५ सालीं आपल्या पांच गिरण्यांच्या जमिनी लिलावानें विकल्या. कामगारांच्या वारसांस घरांसाठीं सोडतीची वाट पाहावी लागली.

येथें वादाच्या दोन्ही पक्षांनीं थोडा विचार करावा. भांडवलशाहीचा कैवारी म्हणेल कीं सरकारी गिरणी अकार्यक्षम होती. तें खरें आहे. समाजसत्तावादी म्हणेल कीं खासगी मालकानें उद्योग सोडून जमिनीचा पैसा केला. तेंहि खरें आहे. परंतु ज्या कामगारानें खासगी गिरणींत तीस वर्षें काढलीं आणि ज्यानें सरकारी गिरणींत तीस वर्षें काढलीं, त्या दोघांच्या म्हातारपणांत फारसा फरक पडला नाहीं. दोघेहि निर्णयाच्या वेळीं बाहेर होते आणि नुकसानाच्या वेळीं आंत होते.

हाच अनुभव फार मोठ्या प्रमाणावर सोव्हिएत रशियांत आला. तेथें मालक हा वर्गच नाहींसा झाला, सर्व कारखाने कामगारांच्या नांवानें चालूं लागले. निरक्षरता गेली आणि अवजड उद्योग उभे राहिले. परंतु १९३२-३३ च्या दुष्काळांत सक्तीनें धान्य वसूल होऊन लाखों शेतकरी मेले, आणि त्या धोरणाविरुद्ध बोलण्यास जागा उरली नाहीं. पगारांतील अंतर कमी होतें, पण पक्षाच्या अधिकाऱ्यांसाठीं निराळीं दुकानें आणि निराळे दवाखाने होते. विषमता पैशाच्या रूपानें दडली आणि ओळखीच्या व पदाच्या रूपानें वर आली. आणि १९९१ नंतर तीच राष्ट्रीय मालमत्ता घाईनें खासगी झाली, तेव्हां ती थोड्या हातांत गेली. लोकांच्या नांवानें असलेल्या वस्तूवर लोकांचा ताबा कधींच नव्हता, हें त्या वेळीं उघड झालें.

मग ज्यांत राबणाराच मालक आहे अशी व्यवस्था केली तर? हा महाराष्ट्राचा तिसरा प्रयोग. नगर जिल्ह्यांतील प्रवरा नदीच्या कांठीं लोणी येथें विठ्ठलराव विखे पाटील यांनीं ऊस पिकविणाऱ्या शेतकऱ्यांस एकत्र करून सहकारी साखर कारखाना काढला. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ त्याच्या अध्यक्षपदीं होते आणि मुंबई राज्याचे अर्थमंत्री वैकुंठभाई मेहता यांचा त्यास पाठिंबा होता. १९५० च्या अखेरीस तेथें गाळप सुरू झालें. त्यापूर्वी खासगी कारखान्यास ऊस घालणारा शेतकरी भावाबाबत कारखानदाराच्या मर्जीवर असे. आतां तोच भागधारक झाला. आणि भाग कितीहि असले तरी प्रत्येक सभासदास मत एकच. सरकारनें भागभांडवल दिलें, पण मालकी घेतली नाहीं. बाजार राहिला, किंमत राहिली, नफाहि राहिला. फक्त तो नफा ज्याच्या शेतांतून आला त्याच्याकडे वळला. वारणा, सांगली आणि इतर अनेक ठिकाणीं हा कित्ता गिरवला गेला. कारखान्याच्या पैशांतून शाळा, दवाखाने, तंत्रनिकेतनें निघालीं. पूर्वीच्या माळरानांवर पक्क्या भिंतींचीं घरें उभीं राहिलीं. ज्यांना भांडवलशाही आणि समाजसत्तावाद यांपलीकडे वाटच नाहीं असें वाटतें, त्यांनीं हा प्रयोग नीट अभ्यासावा.

परंतु तोहि कुंपणाशीं येऊन थांबला. उसाचा मालक सभासद झाला. ऊस तोडणारा झाला नाहीं. बीड आणि आसपासच्या कोरडवाहू तालुक्यांतून दर वर्षीं दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखों माणसें कारखान्यांच्या प्रदेशांत उतरतात. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली ‘उचल’ हंगामभर राबून फेडावयाची असते. नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो, म्हणजे दोन माणसांची एक नोंद होते. आजारपणानें दिवस बुडाला तर ‘खाडा’ धरून पैसे कापले जातात. उसाच्या फडाकडेला कोपीमध्यें संसार, आणि मुलांची शाळा सहा महिने बंद. २०१९ सालीं बीड जिल्ह्यांतील ऊसतोड स्त्रियांचीं गर्भाशयें शस्त्रक्रियेनें काढण्याचें प्रमाण चिंताजनक असल्याचें पुढें आलें आणि राज्य शासनानें त्याची चौकशी करण्यासाठीं समिति नेमली. ज्या कारखान्यांत एक माणूस एक मत हें तत्त्व आहे, त्याच कारखान्याच्या उसासाठीं दोन माणसें मिळून एक कोयता होतात. यापेक्षां अधिक बोलका विरोध शोधून सांपडणार नाहीं. पुढें कांहीं कारखाने राजकीय गटबाजीनें आणि कर्जानें खचले आणि लिलावानें खासगी कंपन्यांकडे गेले, तेव्हां तर सभासद शेतकऱ्याचें मतहि गेलें.

तीन प्रयोगांतून एकच गोष्ट निष्पन्न होते. मालकी हा प्रश्न निरर्थक नाहीं. प्रवरेच्या शेतकऱ्यास तिनें खरोखर वर आणलें. परंतु मालकी ठरल्यानें विषमता ठरत नाहीं. ती तीन निराळ्या प्रश्नांवर ठरते: निर्णयाच्या बैठकींत कोण बसतो? तोटा आला कीं तो प्रथम कोणावर पडतो? आणि कुंपणाबाहेर कोण राहिला? हे प्रश्न न विचारतां केलेलें राष्ट्रीयीकरण आणि हे प्रश्न न विचारतां केलेलें खासगीकरण, दोन्ही त्याच माणसाच्या खांद्यावरून पुढें जातात.

महाराष्ट्रानें चौथाहि एक प्रयोग केला, आणि तो मालकीस हातहि न लावतां. १९६५ सालीं वि. स. पागे यांच्या प्रेरणेनें सांगली जिल्ह्यांतील तासगांव तालुक्यांत, विसापूर येथें, मागेल त्यास काम देण्याचा लहानसा प्रयत्न झाला. पुढें १९७० ते १९७३ च्या भीषण दुष्काळांत ती कल्पना राज्यव्यापी झाली. मे १९७३ मध्यें राज्यांतील दुष्काळी कामांवर सुमारें ५० लाख माणसें होतीं. १९७७ सालीं रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलांत आला. अंगमेहनतीचें काम मागणाऱ्यास १५ दिवसांत तें मिळालें पाहिजे, हा त्यामुळें दान किंवा कृपा न राहतां हक्क झाला. २००५ सालीं संसदेनें ग्रामीण रोजगाराचा जो राष्ट्रीय कायदा केला, त्यास हाच अनुभव आधारभूत होता.

या योजनेचें मर्म अर्थशास्त्राच्या दृष्टीनें बारकाईनें पाहण्याजोगें आहे. हमीनें मिळणारी मजुरी थोडी असते; परंतु ती मिळणार हें ठाऊक असलेला मजूर बड्या शेतकऱ्याच्या बांधावर निराळ्या आवाजांत बोलतो. त्याच्या घरीं उद्यांचें पीठ आहे. करार दोघांच्या राजीखुशीचा असतो हें भांडवलशाहीचें वचन खरें होण्यास जी अट लागते, ती समाजसत्तावाद्यांच्या उपायानें पुरी होते. येथें दोन्ही पक्षांचे सर्वांत चांगले मुद्दे एकमेकांस छेदत नाहींत, एकमेकांस आधार देतात.

आणि हा पैसा कोठून आला? तो आला शहरांतून. १९७५ सालीं महाराष्ट्रानें व्यवसायकर बसविला तो मुख्यतः रोजगार हमीसाठीं. बागाईत जमिनीवर आणि इतर बाबींवरहि कर होते. पण पगारदार आणि व्यावसायिक यांच्याकडून येणारा हा कर तिचा मोठा आधार होता, आणि जितकी रक्कम अशी गोळा होईल तितकीच सरकारनें आपल्या बाजूनें घालावयाची होती. पगाराच्या चिठ्ठींत दर महिन्यास २०० रुपये आणि फेब्रुवारींत ३०० रुपये वजा होतात. ‘प्रोफेशन टॅक्स’ म्हणून ज्याकडे पाहून पुष्कळ जण कपाळास आठ्या घालतात, त्या रकमेची मूळ कथा ही आहे. पुण्या-मुंबईच्या नोकरदारानें माण-आटपाडीच्या मजुराशीं केलेला तो एक अबोल करार होता.

त्या करारांतहि दोष आहेतच. घटनेच्या २७६ व्या अनुच्छेदानें हा कर वर्षास २,५०० रुपयांपलीकडे नेतां येत नाहीं. म्हणजे महिना पन्नास हजार मिळविणारा आणि महिना पन्नास लाख मिळविणारा दोघेहि सारखाच भरतात. कामें सुरू करण्यास टाळाटाळ, मजुरीस विलंब, खोट्या हजेऱ्या या तक्रारी आरंभापासूनच्या आहेत. शिवाय माती-दगड उचलण्याचें काम हें संकटांतला आधार आहे, आयुष्याची चढती नाहीं. हमीची जमीन पायांखालीं असली तरी वर जाण्यास जिना लागतो. आणि तो जिना शिक्षणाचा, आरोग्याचा, जमिनीच्या पाण्याचा असतो.

देशाचे आंकडे पाहतां हा प्रश्न शिळा झाला आहे असें कोणासहि म्हणतां येणार नाहीं. पॅरिसच्या जागतिक विषमता प्रयोगशाळेनें २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, भारताच्या एकूण उत्पन्नापैकीं सर्वांत वरच्या एक टक्का लोकांचा वाटा १९८२ च्या सुमारास सुमारें ६ टक्के होता; २०२२-२३ मध्यें तो २२.६ टक्के झाला आणि संपत्तींतील वाटा सुमारें ४० टक्क्यांवर गेला. घरखर्चाच्या पाहण्यांतून विषमता याहून पुष्कळ कमी दिसते. कारण श्रीमंत मनुष्य आपल्या उत्पन्नाचा लहान भाग खर्च करतो आणि पाहणी करणारा त्याच्या दारापर्यंत क्वचित् पोंचतो. एक पक्ष म्हणतो, नियोजनाच्या काळांत विषमता घटली आणि १९९१ च्या खुल्या धोरणानंतर वाढली. दुसरा म्हणतो, त्याच १९९१ नंतर उत्पन्नवाढीचा वेग वाढून कोट्यवधि माणसें दारिद्र्याच्या रेषेवर आलीं. दोन्ही विधानें एकाच वेळीं खरीं असूं शकतात; दारिद्र्य कमी होणें आणि अंतर वाढणें या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. तरी एक गोष्ट विसरूं नये: ज्या १९८२ सालीं हा आंकडा इतका खालीं होता, त्याच सालीं अडीच लाख गिरणीकामगार संपावर गेले. सरासरीच्या आंकड्यानें कोणाच्या घरांतील भाकरी मोजतां येत नाहीं.

यापुढें जेव्हां एखाद्या सरकारी उद्योगाची विक्री निघेल, एखादी सहकारी संस्था अडचणींत येईल, किंवा शहरांतील मोठी जमीन विकासास दिली जाईल, तेव्हां त्यास समाजवादी म्हणावें कीं भांडवलवादी, या शब्दावर वेळ दवडूं नये. जे निर्णयानें भाकरीस मुकतील ते बैठकींत आहेत काय, तोटा झाला तर तो मजुराच्या आधीं मालकास लागेल काय, आणि ज्याचें नांव सभासदांच्या यादींत नाहीं त्याचें काय ठरलें, एवढें विचारावें. हे प्रश्न विचारण्यास पदवी लागत नाहीं आणि पक्षहि लागत नाहीं. लागते ती चिकाटी. लोखंडे यांना एका रविवारासाठीं सहा वर्षें लागलीं.